खालच्या वाडीसाठी थांबा

वेळशेत गावात 'वाटाड्या' ही घरोघर सूचना देणारी यंत्रणा बसवायचं ठरलं, तेव्हा त्यात कुणाचा आवाज भरायचा यावर फारशी चर्चा झाली नाही. सगळ्यांनी हेमांगी पाष्टेचंच नाव घेतलं. हेमांगी रसायनशास्त्राची पदवीधर. लग्नाआधी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने नोकरी केली होती, आणि गेली काही वर्षं ती गावाच्या बचाव पथकाची प्रमुख होती. वायुगळती झाली तर काय करायचं, हे वेळशेतला तिनेच शिकवलं होतं. ओल्या फडक्याने नाकतोंड कसं झाकायचं, वाऱ्याच्या पुढे न पळता त्याला आडवं कसं निघायचं, अंगावरचे कपडे कसे उतरवायचे, डोळ्यांवर पाणी कसं घेत राहायचं. शाळेतल्या मुलांपासून बाजारात मासळी विकायला जाणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांकडून तिने हे करून घेतलं होतं. संकटाच्या वेळी भिंतीवरच्या डब्यातून कुणी बोलायचंच असेल तर ते हेमांगीनेच, असं गावाला वाटलं.

गाव उतारावर वसलेलं होतं. वरती सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रासायनिक कारखान्यांची वसाहत. तिथून निघालेला वहाळ, म्हणजे नाला, मधल्या वाडीच्या कडेकडेने उतरत खालच्या वाडीत जायचा आणि तिथून खाडीला मिळायचा. खालची वाडी म्हणजे खाडीकाठचा खोलगट भाग, बहुतेक घरं मासेमारी करणाऱ्यांची. गावाबाहेर पडायला गाडीरस्ता एकच. तो खालच्या वाडीतून निघून मधल्या वाडीतून वर यायचा आणि ओढ्यावरचा अरुंद पूल ओलांडून हायवेला लागायचा. पुलावरून एका वेळी एकच टेम्पो जाऊ शके.

हेमांगीचं घर मधल्या वाडीत, पुलापासून हाकेच्या अंतरावर होतं. घरात ती, तिचा नवरा दिगंबर आणि सासरे भिकाजी पाष्टे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. मुलगी शिकायला कोल्हापूरला होती. दिगंबर स्वतःचा टेम्पो चालवायचा, आंबा-काजूच्या दिवसांत माल घेऊन वाशीपर्यंत जायचा. तात्यांचं वय सत्तरीच्या पुढचं आणि छाती अधू.

ती अधू झाली होती वीस वर्षांपूर्वीच्या गळतीत. त्या सकाळी सड्यावरच्या एका कारखान्यातून क्लोरीन सुटला. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं की सगळ्यांनी दारंखिडक्या लावून घरात बसा. तात्या आणि त्यांची बायको इंदिरा दार लावून बसले. बाहेरचा गॅस तासाभरात वाऱ्याने ओसरला, पण दार उघडा असं सांगायला कुणी आलं नाही. आत शिरलेला गॅस आतच राहिला आणि दोघं दुपारपर्यंत तो श्वासात घेत बसले. इंदिराबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. तेव्हापासून तात्या दार लावलेल्या खोलीत झोपत नसत. थंडीतसुद्धा त्यांचं अंथरूण पडवीत असायचं.

त्याच सकाळी पुलावर दुसरंच घडलं होतं. भोंग्याचं न ऐकता मधल्या वाडीतली बरीच माणसं रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली घेऊन निघाली आणि पुलाच्या तोंडाशी एकमेकांत अडकली. त्यांच्यामागे, उतारावर, खालच्या वाडीतली माणसं खोळंबली. गॅस वहाळातून उतरून त्यांच्यात शिरला. पुलाच्या अलीकडे नऊ माणसं गेली. ती सगळी खालच्या वाडीतली.

*

वाटाड्या पुण्याच्या एका संशोधन संस्थेने तयार केला होता. तो घेऊन गावात आली ती ऋजुता पेंढारकर नावाची तरुण इंजिनियर. शाळेच्या सभागृहात तिने तो कसा चालतो हे सांगितलं, आणि तिचं बोलणं लोकांना समजलं, कारण ती पाण्याच्या भाषेत बोलली. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असतो, म्हणून तो धुरासारखा वर जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखा उताराने वाहतो आणि खळग्यात साचतो. पण पाण्याला वारा फारसा हलवत नाही, गॅसला मात्र हलवतो. सकाळी मतलई वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, तेव्हा गॅस खाली येईल. दुपारी खाडीकडून वारा सुटला की तोच गॅस सड्यावर रेटला जाईल. म्हणजे कोणत्या घराला कधी धोका, याचं उत्तर दर मिनिटाला बदलतं. भोंगा सगळ्या गावाला एकच गोष्ट सांगू शकतो, आणि एकच गोष्ट सगळ्यांसाठी बरोबर नसते.

म्हणून विजेच्या खांबांवर हवा हुंगणारी यंत्रं बसली. ती गॅसचं प्रमाण आणि वाऱ्याची दिशा मध्यवर्ती संगणकाला कळवायची. संगणक पुढच्या तासाभरात गॅस कुठे जाईल याचा नकाशा काढायचा, आणि प्रत्येक घराच्या भिंतीवरचा डबा त्या घरापुरता आदेश द्यायचा. 'निघा' म्हणजे ठरलेल्या वाटेने बाहेर पडा. 'थांबा' म्हणजे आतल्या खोलीत जा, फटींना ओली फडकी लावा. आणि 'दारं उघडा' म्हणजे बाहेरची हवा आता आतल्यापेक्षा चांगली आहे, लगेच बाहेर या. बंद खोलीत गॅस हळूहळू शिरतो, त्यामुळे सुरुवातीला आत बसणं फायद्याचं असतं. पण बाहेरचा गॅस ओसरला की तीच खोली धोक्याची होते. दार कधी लावायचं याइतकंच ते कधी उघडायचं हे महत्त्वाचं आहे, असं ऋजुताने सांगितलं. हे ऐकताना मागच्या बाकावर बसलेले तात्या खाली बघत राहिले.

पहिली रंगीत तालीम जानेवारीत एका सकाळी झाली. खालच्या वाडीतल्या डब्यांनी 'निघा' म्हटलं आणि मधल्या वाडीतल्या डब्यांनी 'थांबा'. खालच्या वाडीचं पथक नसीमा मुकादम सांभाळायची. हेमांगीची जुनी सहकारी, आवाजाने खणखणीत, आणि पुरुषांनाही ओळीत उभं करणारी. तिने वाडी शिस्तीत पुलापार नेली. मधल्या वाडीत लोक घरात बसले. फक्त तात्या अंगणातल्या खुर्चीवर बसून राहिले. तालीम बघायला आलेल्या तहसीलदारांनी आजोबा आत का गेले नाहीत असं विचारलं, तेव्हा हेमांगीने विषय बदलून त्यांना पुलाकडची रांग दाखवली.

तालमीनंतर तिने संगणकावरचा नकाशा नीट बघितला. एक गोष्ट तिला खटकली. गॅसची कड मधल्या वाडीला लागायला दहाबारा मिनिटं दाखवली होती. पूल तर तिथून पाच मिनिटांवर. मग मधल्या वाडीला घरात बसवायचं कशाला? शाळेच्या ओट्यावर चहा घेताना तिने ऋजुताला सरळ विचारलं.

ऋजुताने आढेवेढे घेतले नाहीत. संगणक एकेका घराचा वेगळा विचार करत नाही, असं ती म्हणाली. तो पूर्ण गावाचा हिशेब करतो. मधली वाडी लगेच निघाली तर मधल्या वाडीतले जवळजवळ सगळे सुखरूप जातील. पण पुलावर पहिल्या गाड्या त्यांच्या असतील आणि खालची वाडी मागे अडकेल, वीस वर्षांपूर्वी अडकली तशीच. मधली वाडी आत बसली तर तिथल्या लोकांना थोडा गॅस लागेल, बहुतेकांना तो सोसेल. आणि पूल खालच्या वाडीला मोकळा मिळेल.

"म्हणजे 'थांबा' हे आमच्या भल्यासाठी नाही," हेमांगी म्हणाली.

"तुमच्यासाठी नाही, ताई. गावासाठी आहे."

"हे लोकांना माहीत आहे?"

"नाही. आम्हाला सल्ला असाच मिळाला, की एवढं खोलात सांगू नका. सांगितलं तर कुणी थांबणार नाही. आणि कुणीच थांबलं नाही तर सगळ्यांचंच वाईट होईल."

हेमांगीने कप खाली ठेवला. डब्यात आवाज माझा आहे, ती म्हणाली. लोक यंत्राचं नाही, माझं ऐकून आत बसणार. मला माहीत असलेली गोष्ट त्यांना माहीत नसेल, तर माझा आवाज काढून टाका.

*

दोन आठवडे काहीच झालं नाही. मग संस्थेने ऋजुताला गावात जाऊन बोलायची परवानगी दिली. मधल्या वाडीची बैठक ठरली, आणि हेमांगीने खालच्या वाडीलाही बोलावलं. त्यांच्या पाठीमागे हे बोलणं व्हावं असं तिला वाटत नव्हतं.

दिगंबरला हे मुळीच पटलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी जेवताना त्याने तिला समजावलं की जे चाललंय ते चालू दे. लोकांना न सांगता ते थांबत असतील तर त्यात कुणाचं काय बिघडतंय? आणि सांगितलंस तर तूच सगळ्यांच्या डोळ्यांवर येशील. उद्या काही झालं तर कुणी यंत्राला विचारायला जाणार नाही, तुझ्या दारात येतील. हेमांगी म्हणाली की न सांगताही माझ्याच दारात येतील, आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल. तात्या ताटावरून उठले आणि पडवीत गेले.

बैठक तापली. ऋजुताने पडद्यावर दोन्ही नकाशे दाखवले, मधली वाडी निघते तो आणि थांबते तो. आमच्या लेकराबाळांनी का सोसायचं, असं काहींनी विचारलं. काहीजण म्हणाले, आधी पूल रुंद करा, मग बोला. ते बरोबरच होतं, पण नव्या पुलाचा प्रस्ताव गेली काही वर्षं मंत्रालयातच फिरत होता. खालच्या वाडीतली माणसं भिंतीला लागून उभी होती. शेवटी नसीमाने हात वर केला आणि एवढंच सांगितलं की आमच्यासाठी थांबा असं मी कुणाला म्हणणार नाही, तो तुमचा निर्णय; पण जे ठरेल ते आम्हाला खरं खरं कळू द्या, म्हणजे त्या दिवशी आम्ही भलत्या भरवशावर राहणार नाही.

त्यानंतर तात्या उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. एका हाताने त्यांनी पुढच्या बाकाची पाठ धरली होती.

"मागच्या वेळी आम्हाला बसा म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "कशासाठी, ते सांगितलं नाही. उठा म्हणून सांगायला कुणी आलं नाही. या वेळी विचारतायत. विचारतायत, तर मी थांबेन."

ते खाली बसले. मग एकेक घर बोलू लागलं. तासाभराने मधल्या वाडीने थांबायचं कबूल केलं, पण अटी घालून. प्रत्येक घरातली एक खोली कारखान्याच्या खर्चाने नीट बंद होईल अशी करून द्यायची. तान्ही मुलं, गरोदर बाया आणि श्वासाचे आजार असलेली माणसं असतील त्या घरांनी आधी नाव द्यावं, म्हणजे संगणक त्यांना पुलावर पहिली जागा ठेवील. दर वर्षी बैठक घेऊन पुन्हा विचारायचं. आणि शेवटची अट हेमांगीची होती. थांबायचं ते कशासाठी, हे डब्याने त्याच वेळी सांगायचं. घरासाठी असेल तर तसं, दुसऱ्यांसाठी असेल तर तसं.

ऋजुताने एक नवा आदेश तयार केला. हेमांगीने तो शाळेच्या ग्रंथालयात बसून ध्वनिमुद्रित केला. पहिल्या दोन वेळा तिचा आवाज कापरा आला. तिसऱ्या वेळी साधा, सरळ आला: "खालच्या वाडीसाठी थांबा. पूल मोकळा ठेवा. दार कधी उघडायचं ते मी सांगेन."

नावं द्यायची मुदत संपायच्या आत दिगंबरने तात्यांजवळ विषय काढला. तुमच्या छातीचं दाखवायला डॉक्टरांचे कागद आहेत, नाव देऊन टाकू. तात्या नको म्हणाले. मी सभेत उठून थांबतो म्हणालो आणि मागून नाव दिलं, तर उद्या निम्मी वाडी खोकायला लागेल. दिगंबरने हेमांगीकडे बघितलं. तिने तात्यांना एकदा सांगून पाहिलं, की यात काही कमीपणा नाही, नियमच तसा आहे. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा आग्रह धरला नाही. प्रशिक्षण देणारीच्या घराने सूट घेतली असं कुणी म्हणू नये, हा विचार त्या वेळी तिच्या मनात होता, आणि तो तिला स्वतःलाही दिसत होता.

*

वर्ष जवळजवळ सरलं. डिसेंबरच्या एका सकाळी, थंडी असताना आणि मतलई चांगला सुटलेला असताना, सड्यावरच्या एका कारखान्यात टँकर भरताना नळी फाटली. ती बंद करायची झडप अडकली. क्लोरीन कुंपणाखालून वहाळात उतरला.

हेमांगी तेव्हा मधल्या वाडीतल्या ग्रामपंचायतीत होती. खिशातला फोन वाजायच्या आधी तिला आपलाच आवाज ऐकू आला, कचेरीच्या भिंतीवरून, आणि मग आजूबाजूच्या घरांतून, एकाच वेळी. खालच्या वाडीसाठी थांबा. पूल मोकळा ठेवा. तालमीत तो आवाज तिने कितीदा तरी ऐकला होता. आज त्याच्याआधी 'ही तालीम आहे' हे शब्द आले नाहीत.

तिची जागा पुलाच्या तोंडाशी होती. पिवळं जाकीट चढवून, मुखवटा गळ्यात अडकवून ती धावत तिथे पोचली. पथकातले आणखी दोघं आले. खालून पहिल्या रिक्षा वर येताना दिसल्या. नसीमाने ठरल्याप्रमाणे म्हाताऱ्यांना आणि लहानांना आधी गाड्यांत घातलं होतं, बाकीचे रस्त्याच्या डाव्या कडेने भराभर चालत येत होते. कुणी सामान घेतलं नव्हतं. एका बाईच्या हातात फक्त शेगडीवरून उतरवलेली कढई होती, ती खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं.

मधल्या वाडीतून नाव दिलेली घरं बाहेर पडली. ती संगणकाने दिलेल्या वेळेला आली आणि पुढे गेली. त्यानंतर हेमांगीचं अर्धं लक्ष वाडीच्या गल्लीकडे होतं. पहिली चुकार मोटारसायकल आली, की तिच्यामागे दुसरी येणार आणि मग सगळं उसवणार, हे तिला माहीत होतं. आपल्या घरासमोर टेम्पो उभा आहे, दिगंबर आज घरी आहे, हेही तिला माहीत होतं. टेम्पो गल्लीतून बाहेर आला तर ती काय करणार होती? अडवायचा अधिकार तिला नव्हता. बैठकीत तसंच ठरलं होतं, की कुणावर जबरदस्ती नाही. तो यावा असं तिला वाटत होतं, आणि येऊ नये असंही वाटत होतं, आणि यातलं जास्त कोणतं हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही.

गल्ली रिकामी राहिली.

खालच्या वाडीची शेवटची माणसं पुलावर आली तेव्हा वहाळाच्या बाजूला हवेत फिकट पिवळट झाक दिसू लागली होती आणि घशात चुरचुर सुरू झाली होती. सर्वांत मागे नसीमा होती. ती हेमांगीजवळ थांबली, मागे वळून मधल्या वाडीतल्या बंद दारांकडे तिने एकदा बघितलं, आणि मग दोघी मुखवटे चढवून पूल ओलांडून गेल्या.

हायवेच्या कडेला सगळे मोजून झाले. खालच्या वाडीतलं एकही माणूस कमी नव्हतं. हेमांगी फोनवरच्या नकाशाकडे बघत बसली. गॅसची कड तिच्या घरावरून सरकत गेली, थोडा वेळ रेंगाळली, मग विरळ होत खाडीकडे निघाली. तिच्याच आवाजात दारं उघडायचा आदेश गेला, तेव्हा ती आधीच पुलावर परत पोचली होती.

अंगणात दिगंबरने तात्यांना खुर्चीवर बसवलं होतं. त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते. डोळे उघडे होते. हेमांगीने पथकाच्या सिलिंडरची प्राणवायूची नळी लावली, रुग्णवाहिका बोलावली, शिकवलेलं सगळं शिकवलेल्या क्रमाने केलं. तात्यांनी तिच्या जाकिटाची बाही धरली आणि तुटक आवाजात विचारलं, खालचे गेले का. तिने सांगितलं, सगळे गेले, एकही राहिला नाही. त्यांनी मान हलवली.

जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या दिवशी ते वारले. मधल्या वाडीतल्या आणखी बऱ्याच जणांना खोकला झाला, काहींना दोनतीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं, पण सगळे घरी आले. गळतीत गेलेलं माणूस एकच.

*

दिगंबर घरात बोलेनासा झाला. रागाने ओरडला असता तर हेमांगीला सोपं गेलं असतं. तो वेळेवर जेवायचा, टेम्पो घेऊन जायचा, परत यायचा. कोल्हापूरहून आलेली मुलगी दोघांच्या मधे बसून दोघांशी वेगवेगळं बोलायची आणि सुट्टी संपल्यावर गेली. एकदा खोलीतला डबा पुसताना दिगंबर एवढंच म्हणाला, की त्या दिवशी डब्यातून तुझा आवाज आला तेव्हा तात्यांनी त्याला उत्तर दिलं. काय, असं तिने विचारलं. 'ऐकलं गं' म्हणाले, असं सांगून तो बाहेर गेला.

ऋजुता भेटायला आली. तिने नोंदी पुन्हा तपासल्या होत्या. मधली वाडी निघाली असती तर खालच्या वाडीतली पंचवीसतीस माणसं पुलाच्या अलीकडे गॅसमध्ये सापडली असती, असं गणित सांगत होतं. बोलताना तिचे डोळे भरून आले. आवाज बदलायचा असेल तर बदलू, ती म्हणाली. हेमांगीने सांगितलं की आत्ता नको, वर्षाच्या बैठकीत लोकांना विचारू.

याच सुमाराला कारखान्याने आपलं निवेदन काढलं. यंत्रणेमुळे जीवितहानी टळली, फक्त एका वृद्धाने घर सोडण्यास नकार दिल्याने दुर्दैवी मृत्यू झाला, असं त्यात होतं. वर्तमानपत्रांनी ते तसंच छापलं. एका वृत्तवाहिनीवर एक तज्ज्ञ सांगत होते की ग्रामीण भागात अजूनही वडीलधारी मंडळी हट्टाने घराला चिकटून राहतात, तिथे जनजागृती कमी पडते. दिगंबरने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि टीव्ही बंद केला.

त्यानंतर किती तरी आठवड्यांनी तो पहिल्यांदा हेमांगीच्या समोर येऊन बसला.

"डब्यातून आवाज आला तेव्हाच मी टेम्पो काढला असता," तो म्हणाला, "तर तात्या वाचले असते?"

सांत्वनाची उत्तरं तिच्याजवळ होती. छाती आधीच अधू होती, वय झालं होतं, रस्त्यातही काही झालं असतं. दिगंबर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "वाचले असते."

त्याने मान खाली घातली. ती उठली नाही. मग त्याने सांगितलं की मी त्यांना दोनदा म्हटलं होतं, चला. टेम्पोची किल्ली हातात होती. त्यांनी मला आत ओढलं, स्वतःच्या हाताने दार लावलं, आणि फटीला फडकं लावायला वाकले. वीस वर्षांत त्यांनी घराचं दार लावलेलं मी बघितलं नव्हतं.

"नाव दिलं असतं तर," हेमांगी म्हणाली. "मी आग्रह धरायला हवा होता."

"हवा होता," दिगंबर म्हणाला. त्याने ते तिच्यापासून लपवलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "चौकशीला तू येणार आहेस ना? मीही येतो."

चौकशी प्रांत कार्यालयात होती. कारखान्याचे अधिकारी, त्यांचा वकील, ऋजुता आणि तिच्या संस्थेचे संचालक एका बाजूला बसले होते. मागच्या बाकांवर नसीमा आणि खालच्या वाडीतली पाचसहा माणसं होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. हेमांगीने त्या नव्या आदेशाविषयी, वाडीच्या बैठकीविषयी सगळं सांगितलं. कारखान्याचा वकील म्हणाला की बैठक झाली असेल, पण शेवटी माणूस घरातून निघाला नाही, ही वस्तुस्थिती आहे. प्रांत अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी दिगंबरला पुढे बोलावलं.

तुमच्याकडे वाहन होतं का, असं त्यांनी विचारलं. होतं, दारातच होतं. चालू स्थितीत? हो. बाहेर पडायला तुम्हाला कुणी अडवलं? नाही. पूल किती लांब? चालत पाच मिनिटं. आणि गॅस तुमच्या घरापर्यंत यायच्या आत तेवढा वेळ होता? होता. बाईंनी कपाळाला आठी घातली. मग तुम्ही निघाला का नाहीत?

"पूल अरुंद आहे, मॅडम," दिगंबर म्हणाला. "एका वेळी एकच टेम्पो जातो. तिथे आमचा गेला असता, तर यांच्यातल्या कुणाचा तरी राहिला असता." त्याने मागच्या बाकांकडे हात केला. "आम्हाला आधी विचारलं होतं. तात्यांनी हो म्हटलं होतं. काय होऊ शकतं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं."

वकील काहीतरी बोलणार होता, बाईंनी हाताने त्याला थांबवलं. त्यांनी समोरच्या अहवालाच्या मसुद्यातली एक ओळ मनात वाचली आणि कारकुनाला सांगितलं की 'घर सोडण्यास नकार दिला' हे शब्द काढा. कारकुनाने ते खोडले आणि विचारलं, मग त्या जागी काय घालू. बाईंनी दिगंबरकडे बघितलं.

"वाट दिली, असं लिहा," तो म्हणाला.